आत्यांचा एकटीचा समुद्र

माणसाला धक्का बसायला विजेची तार लागते असं ज्यांना वाटतं, त्यांनी माझ्या नवऱ्याच्या आत्यांना पाहिलेलं नाही. आत्या बसल्या जागेवरून, आवाज न चढवता, हातातल्या कॉफीचा थेंब न सांडता समोरच्याला असा धक्का देत की दोन दिवस त्याला स्वतःचं नाव आठवू नये. मला पहिला धक्का साताऱ्यात बसला, त्या मला बघायला आल्या तेव्हा. मी चेन्नईला नोकरीला होते, मुलगा तिथंच भेटलेला होता, ठरायचं ते सगळं ठरून गेलं होतं. तरी रीत म्हणून तंजावरकडची ही मराठी मंडळी एवढा लांबचा प्रवास करून आमच्या घरी आली. आई पोह्यांच्या बशा फिरवत होती, कुणी मला स्वयंपाकाचं विचारत होतं, कुणी गाण्याचं. आत्या एकदम म्हणाल्या, "कृष्णा उगम कुठं पावते?" साताऱ्याच्या मुलीला हे विचारायचं! मी टेचात म्हटलं, "महाबळेश्वरला." "आणि समुद्राला कुठं मिळते?" ते काही मला सांगता येईना. माझे वडील उगाचच खाकरले. आत्या कॉफी संपवून म्हणाल्या, "उगम ठाऊक आहे, शेवट ठाऊक नाही. असूं दे. लग्न करायला हेच बरं."

आत्यांनी चौतीस वर्षं मुलींच्या शाळेत भूगोल शिकवला होता. निवृत्त झाल्यावर शाळा सुटली, भूगोल सुटला नाही. डावं-उजवं हे शब्द त्या कधी वापरत नसत. डावं-उजवं माणसागणिक बदलतं, दिशा कुणासाठी बदलत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळं चेन्नईतल्या अण्णा नगरच्या आमच्या घरात जेवताना "तुझ्या ईशान्येची चटणी सरकव गे" असा हुकूम यायचा आणि मी नव्या नवरीच्या गोंधळात आधी सूर्य कुठं उगवतो ते आठवून मग हात पुढं करायची. ऑटोवाल्याला त्या अस्खलित तमिळमध्ये "नैऋत्येला वळ" म्हणत. तो ऑटो थांबवून आभाळाकडं बघत बसे. दाताच्या डॉक्टरांनी कुठली दाढ दुखते विचारलं तेव्हा त्यांनी आधी खुर्ची उत्तरेकडं तोंड करून फिरवायला लावली, आणि मगच आ केला.

त्यांची मराठी ऐकून मी सुरुवातीला बावचळत असे. शब्द आपलेच, पण कुणीतरी तीन-चार पिढ्या पेटीत जपून ठेवलेले. आणि चाल अस्सल तमिळ, म्हणजे वाक्य शेवटाकडं येताना असं लांबायचं की ते संपलं की नाही याची वाट पाहावी लागे. मधेच "सरी" म्हणजे बरं, मधेच "पोदुम्". जेवताना मी "पुरे" म्हटलं की त्यांना कळायचं नाही. "पोदुम्" म्हटलं की वाढणं थांबायचं.

आणखी एक सवय सांगितली पाहिजे. आत्या सरकत. आयुष्यभर सरकल्या. लग्न केलं नाही, त्यामुळं त्यांची म्हणून खोली कुठल्याच घरात कधी नव्हती. लहानपणी सहा भावंडांत, मग आजारी आजीच्या खोलीत, मग धाकट्या भावाच्या म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या संसारात, माझ्या नवऱ्याच्या पाळण्याशेजारी. मी लग्न होऊन आले तेव्हा त्या शिवणयंत्र आणि पाहुण्यांच्या गाद्या ठेवलेल्या मधल्या खोलीत झोपत आणि पाहुणे आले की तिथूनही हॉलमध्ये सरकत. त्याचं कुणालाच काही वाटत नसे, त्यांनाही नाही, असं आम्ही समजून चाललो होतो. वर्गातल्या मुलींना त्यांनी सगळं जग नकाशावर हिंडवून आणलं, पण स्वतः कधी कुठं गेल्या नाहीत. सहलीचा बेत आखायचा आत्यांनी, गाड्यांच्या वेळा पाठ आत्यांना, आणि निघायच्या दिवशी घरात कुणाला तरी ताप यायचा. मग सहल जायची आणि आत्या ओल्या पट्ट्या बदलत बसायच्या.

तर दोन हजार सहा-सातच्या सुमाराची गोष्ट. गुरुवारी सकाळी आम्ही डोसे खात होतो. आत्या म्हणाल्या, "सोमवार ते गुरुवार मी नाही. ईसीआरच्या रस्त्याला समुद्राकाठी रिसॉर्ट आहे, तिथं राहायला जाते आहे. एकटी."

अप्पा, म्हणजे माझे सासरे, बँकेतून निवृत्त झालेले, पुरावा नसेल तर पाऊससुद्धा न मानणारे. त्यांच्या हातातला डोसा तोंडापाशी थांबला. "एकटी म्हणजे कुणाबरोबर, अक्का?"

"एकटी म्हणजे एकटी."

"पण कशाला?"

"राहायला."

यापुढं विचारण्यासारखं काही उरलं नाही, आणि नेमकं त्यामुळं घर हादरलं. देवदर्शनाला जाते म्हणाल्या असत्या तर कुणी मान वर केली नसती. लग्नाला, बारशाला, कुणाच्या बाळंतपणाला निघाल्या असत्या तर आम्हीच पिशवी भरून दिली असती. पण बासष्ट वर्षांची बाई, कुणाचं काही करायला नव्हे तर नुसतं राहायला, त्यातून रिसॉर्टमध्ये, जिथं आमच्या समजुतीप्रमाणं फक्त नवविवाहित जोडपी आणि गोरे लोक जात! माझ्या नवऱ्याला वाटलं, आत्याला काहीतरी मोठा आजार निघालाय आणि ती लपवते आहे. अप्पांना वाटलं, घरातलं कुणीतरी काहीतरी बोललं. त्यांनी मला आणि नवऱ्याला वेगवेगळं बोलावून चौकशी केली. त्यातून दीड-दोन वर्षांपूर्वीच, नाताळच्या दुसऱ्या दिवशी, त्सुनामीत याच समुद्रानं जे केलं होतं ते अजून शहराच्या डोळ्यांपुढून गेलं नव्हतं. कितीतरी माणसं मरीनाच्या चौपाटीवर फिरायलाही जायची बंद झाली होती. शेवटी नवऱ्यानं तोड काढली. "आत्या, आपण सगळेच जाऊ. मी रजा काढतो."

"सगळे आलात तर ते घरच झालं रे. नुसती वाळू जास्त."

सोमवारी कॉल टॅक्सी आली. माझा एक जुना मोबाइल मी आत्यांच्या पिशवीत लपवून ठेवला होता. संध्याकाळी अप्पांना राहवेना. त्यांनी हॉलमधून त्या नंबरवर फोन लावला, आणि स्वयंपाकघरात तांदळाचा डबा वाजायला लागला. मी झाकण काढलं. मोबाइल तांदळात अर्धा पुरलेला होता, उजेड पाडत, थरथरत. हॉलमधून अप्पा ओरडत होते, "रिंग जाते आहे, अक्का उचलत नाही!" मी तो डबा तसाच त्यांच्यासमोर नेऊन ठेवला. त्यांनी एकदा डब्याकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं, आणि कानाचा फोन खाली न घेताच खुर्चीत बसले.

बुधवारी दुपारी मी सिरुसेरीच्या ऑफिसात होते. मीटिंग चालू असताना फोन आला. रिसॉर्टचा मॅनेजर बोलत होता, इंग्रजीत, खालच्या आवाजात. म्हणाला, "मॅडम, तुमच्या आंटी आमच्याकडं आहेत. तुम्ही लगेच येऊ शकाल का?"

"काय झालं? बऱ्या आहेत ना?"

"आत्तापर्यंत बऱ्या आहेत, मॅडम."

'आत्तापर्यंत' म्हणजे काय, मी विचारलं. मग त्यानं सांगितलं ते असं. एकटं माणूस खोली घेतं तेव्हा हॉटेलवाल्यांना धाकधूक असते, विशेषतः समुद्राकाठी. लोक नको ते मनात घेऊन येतात. म्हणून त्यानं पहिल्या दिवसापासून एक पहारेकरी त्यांच्या मागं लावला होता. आज सकाळी आंटींनी आपली नवी रेशमी साडी बागेत काम करणाऱ्या बाईला देऊन टाकली. मग जीवरक्षकाला विचारलं, पाणी कुठं खोल होतं आणि ओढ कधी जास्त असते. आणि साफसफाईवाली खोलीत गेली तर टेबलावर बंद पाकिटं मांडलेली होती, प्रत्येकावर एकेक नाव.

मी मीटिंगमध्ये काय सांगून उठले मला आठवत नाही. केळंबाक्कमवरून चेन्नईजवळच्याच कोवलमकडं जाणारा तो रस्ता मी टॅक्सीत बसून कसा काढला तेही नाही. मध्ये मिठागरं लागतात, पांढरे ढीग दिसतात, एवढंच दिसत होतं. घरी फोन करायचं धैर्य नव्हतं. मनात एकच घोकत होते, की आम्ही चौकशी सगळ्यांची केली, एकमेकांची केली, आणि त्यांना नीट जवळ बसून कुणीच विचारलं नाही.

मॅनेजर दारातच उभा होता, टाय लावलेला, माझ्याहून लहान आणि माझ्याहून घाबरलेला. त्यानं रजिस्टर पुढं केलं. 'अडचणीच्या वेळी कळवावे' या रकान्यात आत्यांच्या टपोऱ्या इंग्रजी अक्षरात माझं नाव होतं. अप्पांचं नव्हे, माझ्या नवऱ्याचं नव्हे. नात्याच्या रकान्यात लिहिलं होतं : मैत्रीण. मी तिथंच रडायला लागले. मॅनेजर आणखी घाबरला.

खोलीत खरंच पाकिटं होती. अप्पांच्या नावाचं, नवऱ्याच्या नावाचं, त्यांच्या बेंगळुरूच्या बहिणीचं, आणि एक माझं. मी हात लावला नाही. मला वाटलं, उघडलं तर ते खरं होईल. मी चप्पल हातात घेऊन वाळूतून पळत सुटले.

किनाऱ्यावर घोळका होता. मी माणसं बाजूला सारत पुढं घुसले आणि पाहिलं, तर आत्या गुडघाभर पाण्यात उभ्या होत्या. ज्या बाईनं घरात जन्मभर राखाडी आणि तपकिरी सुती साड्यांखेरीज काही नेसलं नव्हतं, तिनं मोठमोठ्या लाल फुलांची नायलॉनची साडी खोचून नेसली होती. एका हातानं पहारेकऱ्याचा दंड धरला होता, दुसऱ्या हातात खराट्याचा बांबू होता. तसलेच चार बांबू वाळूत ओळीनं रोवलेले, प्रत्येकाला चिंध्यांच्या खुणा. काठावर दोन वेटर, माळीणबाई आणि जीवरक्षक उभे. जीवरक्षकाच्या हातात वही होती. आत्या तमिळमध्ये ओरडून आकडा सांगत होत्या आणि तो लिहून घेत होता.

"भरती मोजते आहे," मला बघून त्या म्हणाल्या, जसं काही मी घरातून कोपऱ्यावरच्या दुकानात जाताना भेटले होते. "चौतीस वर्षं फळ्यावर काढली गे भरती-ओहोटी. खरी चढते का ते बघितलंच नव्हतं. चढते."

मी पाण्यात शिरले, त्यांना मिठी मारली आणि जे तोंडाला येईल ते बोलले. साडी का दिली, खोल पाण्याचं का विचारलं, पाकिटं कसली, तुम्हाला काय झालंय. आत्यांना आधी काही कळेचना. मग कळलं. एरवी धक्का द्यायचं काम त्यांचं. त्या दिवशी पहिल्यांदाच मी आत्यांना धक्का बसलेला पाहिला. त्यांनी माझ्यामागून धावत आलेल्या मॅनेजरकडं पाहिलं, मग पहारेकऱ्याकडं. पहारेकऱ्यानं मान खाली घातली.

"तू तीन दिवस माझ्यामागं म्हणून हिंडत होतास?" त्या तमिळमध्ये त्याला म्हणाल्या. मग माझ्याकडं वळून, "मला वाटलं इथली ती सोयच आहे. एकट्या माणसाला बोलायला एक माणूस देतात. मी मनात म्हटलं, किती समजूतदार लोक आहेत!"

मग त्यांचा आवाज चढला. रागानं चढलेला मी तो एवढा एकदाच ऐकला. "मरणारं माणूस उद्याचा नाश्ता सांगून ठेवतं काय रे? उद्या सकाळसाठी अप्पम सांगितलेत मी. नारळाचं दूध वेगळं, असंही सांगितलंय. विचार स्वयंपाकघरात! आणि रेशमी साडी नेसून समुद्रात कोण उतरतं? तिची मी नेसले, माझी ती नेसली. संध्याकाळी परत." माळीणबाई लाजून हसल्या. तेव्हा कुठं माझ्या लक्षात आलं की खराटा हातात धरलेली ही बाई मोतिया रेशमात उभी आहे.

मॅनेजर इतक्या वेळा 'सॉरी' म्हणाला की शेवटी आत्यांनी त्याला "पोदुम्" म्हणून थांबवलं, आणि वहीतले आकडे आलेखावर मांडायला बसवलं.

खोलीत आल्यावर मी पाकिटांचं विचारलं. आत्या केस पुसत होत्या. म्हणाल्या, "पत्रं आहेत. मला सगळ्यांची पत्रं आली गे आयुष्यभर. भाऊ दिल्लीला गेला, तिथून. बहीण काशीला गेली, तिथून. माझ्या विद्यार्थिनी कुठंकुठं गेल्या, त्यांचीही आली. सगळे लिहायचे, इथं हवा अशी आहे, तिथं डोंगर असा आहे. मी कुठं गेलेच नाही, तर लिहू कुणाला? घरातून घरात पत्र कसं लिहायचं? आता आलेय तर लिहिली. उद्या टपालात टाकणार."

मी म्हटलं, "आत्या, मी आजच्या रात्री राहते तुमच्याबरोबर. ऑफिसला कळवते."

त्यांनी माझ्या गालाला हात लावला. "नको. चहा घे आणि नीघ. माझा अजून एक अख्खा दिवस आहे."

खरं सांगते, मला लागलं ते. जीव मुठीत धरून धावत आलेल्या माणसाला असं चहा पाजून परत पाठवतात? टॅक्सीत बसल्यावर काचेतून पाहिलं, तर आत्या मला निरोप द्यायलासुद्धा थांबल्या नव्हत्या. फुलाफुलांच्या साडीत त्या पुन्हा समुद्राकडं चालल्या होत्या आणि पहारेकरी आता मागून नव्हे, शेजारून चालत होता. केळंबाक्कम येईपर्यंत माझा राग उतरला होता.

गुरुवारी संध्याकाळी आत्या घरी आल्या. नाक आणि गाल उन्हानं काळवंडलेले, पिशवीत ओली वाळू. अप्पांनी दार उघडलं आणि म्हणाले, "जेवण कसं होतं?" एवढंच. शुक्रवारी आणि शनिवारी पोस्टमनच्या वेळेला आत्या काही ना काही काढून फाटकापाशी घुटमळल्या. शनिवारी पत्रं आली. आमच्या घरात मराठी बोलतात, पण लिहायची वेळ आली की तमिळ लिपीत लिहितात. अप्पांचं आणि नवऱ्याचं पत्र तसंच होतं. माझं मात्र देवनागरीत होतं. कधीकाळी हिंदीच्या परीक्षांसाठी गिरवलेल्या अक्षरांत, रेघा आखून. "इथे हवा बरी आहे. वारा आग्नेयेचा. पलंग फार मोठा आहे, दोघांचा. पहिल्या रात्री मी सवयीने कडेला झोपले. मग आठवले की कोणी येणार नाही. तेव्हापासून मी पलंगाच्या कर्णावर झोपते." मी वाचत होते आणि आत्या शेजारी बसून शेंगा निवडत होत्या, पत्र दुसऱ्याच कुणाचं असावं तशा.

अप्पांनी त्यांचं पत्र कुणाला वाचू दिलं नाही. ते घेऊन गच्चीवर गेले आणि बऱ्याच वेळानं खाली आले. दुसऱ्या दिवशी त्यांनी मधल्या खोलीतलं शिवणयंत्र आणि पाहुण्यांच्या गाद्या स्वतः उचलून हॉलमध्ये आणून ठेवल्या. आत्यांनी तेवढं म्हटलं, "यंत्राचं तोंड पूर्वेला कर, उजेड येईल."

त्यानंतर दर वर्षी आत्या चार दिवस जात राहिल्या. तो मॅनेजर त्यांना तीच खोली ठेवी. मग एका वर्षी त्यांचं हृदय कुरकुरायला लागलं आणि डॉक्टरांनी जिनासुद्धा बंद केला. त्यांचं ते शेवटचं वर्ष, पण आम्हाला तेव्हा ठाऊक नव्हतं. अप्पा दिवसभर त्यांच्या उशाशी बसायचे, गोळ्या मोजायचे, पंखा कमी-जास्त करायचे. या पहाऱ्याच्या पाचव्या दिवशी आत्यांनी फर्मान काढलं, "माझी खोली सांगून ठेवलेली आहे. मला जाता येत नाही. तू जा."

"मी? एकटा?" अप्पांचा चेहरा असा झाला की मी पाणी आणायला उठले.

"हो. आणि इथं फोन करायचा नाही."

अप्पा गेले. कसे गेले, देव जाणे. ते यायच्या आधीच, गुरुवारी दुपारी, त्यांचं पत्र आलं. आत्यांनी उशा मागं घेतल्या, चष्मा लावला आणि मला वाचून दाखवलं. अप्पांनी जन्मभर फक्त बँकेची पत्रं लिहिलेली. वर तारीख, त्याखाली 'विषय : समुद्र'. मग, "वरील विषयास अनुसरून कळविण्यात येते की समुद्र आहे. आपल्या सूचनेप्रमाणे सकाळी पाण्यात उभा राहिलो. पाणी घोट्यापर्यंत होते, नंतर त्याहून वर आले. लहानपणी मला विषमज्वर झाला तेव्हा तुझी कन्याकुमारीची सहल हुकली होती. त्याविषयी कधी बोललो नाही. हवा बरी आहे."

आत्यांनी ते दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा नुसतंच धरून बसल्या. मग चष्मा काढून म्हणाल्या, "हवा बरी आहे म्हणतोय. साफ खोटं. घाबरलाय तो. पहिल्या दिवशी जेवलासुद्धा नसेल." त्यांनी पत्राची घडी घातली आणि ती उशीखाली सरकवली.

"पण गेला गे," त्या म्हणाल्या. "एकटा गेला."